स्वस्त गोडीचे देणेकरी

आजकाल कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत, व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत आणि वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्यांत एक प्रश्न मोठ्या गांभीर्याने चर्चिला जातो. निसर्गाची आणि माणसांची काळजी घेऊन धंदा केला, तर साबण, बिस्किटे, शीतपेये विकणाऱ्या कंपन्यांचा नफा वाढतो की घटतो? कोणी आकडे मांडून वाढतो म्हणतो, कोणी आधी घटतो आणि मग वाढतो म्हणतो. त्या कंपन्यांचा माल घरी आणणारे आणि म्युच्युअल फंडांच्या वाटेने त्यांच्या नफ्यात वाटा घेणारे आपण सुशिक्षित लोक हे सारे शांतपणे ऐकून घेतो. या प्रश्नात काही खटकण्यासारखे आहे असे आपल्याला वाटतही नाही. पण समजा, नफा घटतो असे उद्या निर्विवाद सिद्ध झाले, तर आपण काय करणार आहोत? माणसांची काळजी घेणे सोडून देणार आहोत का? ज्या समाजाला माणसाशी माणसासारखे वागण्यापूर्वी ते परवडते का हे विचारावे लागते, त्या समाजाच्या हिशेबात मुळातच कोणीतरी धरलेला नाही. तो कोण, हे शोधायला महाराष्ट्रात राहणाऱ्याला दूर जावे लागत नाही.

कंपन्यांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी पाणी वाचवले, वीज वाचवली, बाटलीचे प्लॅस्टिक पातळ केले, छपरांवर सौरपट्ट्या बसवल्या. यातल्या बहुतेक कामांनी खर्चही वाचला आणि नावही झाले. युनिलिव्हरने २०१० मध्ये शाश्वत जीवनाची मोठी योजना जाहीर केली आणि २०१९ मध्ये सांगितले, की या विचाराने चालवलेली आपली उत्पादने बाकीच्या उत्पादनांपेक्षा ६९ टक्के अधिक वेगाने वाढली. भले केले की भरभराट होते, असा दाखला जगाला मिळाला. पुढे भागधारकांची कुरकुर वाढली, आणि २०२४ मध्ये त्याच कंपनीने नव्या प्लॅस्टिकचा वापर २०२५ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे वचन मागे घेऊन २०२६ पर्यंत ३० टक्के कपात एवढ्यावर ते आणले. एका कंपनीला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. यातून जो नियम दिसतो, तो सगळ्यांना लागू आहे. ज्या भल्यातून पैसा वाचतो, ते भले लगेच होते. ज्या भल्याला पैसा लागतो, ते पुढच्या वर्षावर ढकलले जाते. आणि ज्या भल्याचा लाभ मिळणाऱ्यांना आवाजच नाही, ते कोणाच्या अहवालात येतही नाही. सेबीने २०२२-२३ पासून देशातल्या सर्वांत मोठ्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारीचा सविस्तर अहवाल देणे बंधनकारक केले आहे. एक लिटर पेय तयार करायला किती पाणी लागले, हे आता त्या अहवालांत वाचायला मिळते. त्या पेयातली साखर ज्या उसाची, तो ऊस तोडणाऱ्या बाईला हातपाय धुवायला पाणी मिळाले का, हे विचारणारा रकाना मात्र तिथे सापडत नाही.

देशात खपणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक साखर घरच्या डब्यात येत नाही. ती शीतपेये, बिस्किटे, चॉकलेटे आणि मिठाई करणाऱ्यांकडे जाते. महाराष्ट्र हे साखर पिकवणाऱ्या पहिल्या दोन राज्यांतले एक. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटण्याच्या दिवसांत, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, बीड, जालना, परभणी, नांदेड, धाराशिव, पाथर्डी या कोरडवाहू मुलखातून दहा लाखांच्या आसपास माणसे घराला कुलूप लावून निघतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या उसाच्या पट्ट्यात पाच-सहा महिने राहतात. त्यांना मजुरी आगाऊ दिली जाते. तिला उचल म्हणतात. ती मजुरांची टोळी जमवणारा मुकादम देतो आणि ती नवराबायकोच्या जोडीला मिळून मिळते. या जोडीला आपल्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंतची ही रक्कम हंगाम सुरू होण्याआधीच मागचे कर्ज, दवाखाना, लग्न यांत संपून गेलेली असते. पुढचे सगळे महिने ती फेडण्यात जातात. फिटली नाही, तर पुढच्या हंगामाच्या अंगावर चढते. कर्जापोटी माणसाचे श्रम बांधून घेणे हा या देशात १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. उचलीला आपण पद्धत म्हणतो, आणि पद्धत म्हटले की आपल्याकडे गुन्हा दिसेनासा होतो.

त्या जोडीचा एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. पहाटे तीन-चारला उठून बाई चुलीवर भाकरी थापते आणि लहान लेकराला फडाच्या बांधावर पाचटात निजवते. नवरा बुडख्यातून ऊस तोडतो, पाला साळतो. ती मोळ्या बांधते, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेते आणि अरुंद फळीवरून चालत ट्रकवर चढवते. गाडी रात्री आली तर रात्री भरावी लागते. मुक्कामाला उसाच्या वाढ्यांची किंवा ताडपत्रीची कोपी. तिथे संडास नाही, आडोसा नाही, पाणी विहिरीच्या मालकाच्या मर्जीवर. पाळीच्या दिवसांतही हेच काम आणि हाच मुक्काम. आजारपणाने एक दिवस घरी राहावे तर खाडा धरला जातो, त्याचा दंड उचलीत वाढतो, आणि एक माणूस बसला की कोयता मोडतो म्हणून नवऱ्याचीही मजुरी जाते. म्हणजे बाईचे दुखणे हा तिच्या घराचा तोटा ठरतो. पोटात दुखते, अंगावरून जाते, म्हणून ती गावाकडच्या खासगी दवाखान्यात जाते तेव्हा गाठ आहे, कॅन्सर होईल, अशी भीती तिला घातली जाते आणि पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. पिशवी गेली म्हणजे पाळीही गेली आणि खाडाही गेला, असा हिशेब तीही मनाशी मांडते, कारण दुसरा कोणताही हिशेब आपण तिच्या हाती ठेवलेला नाही. ऑपरेशनचे पैसेही पुष्कळदा मुकादमाच्या उचलीतूनच येतात.

नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसाठी २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभराचे प्रमाण शंभरात सव्वातीनच्या आसपास होते. हा आकडा छापून आला त्या आठवड्यात आपण हळहळलो. विधिमंडळात चर्चा झाली, सूचना निघाल्या, आणि पुढचा हंगाम नेहमीसारखाच सुरू झाला. याच व्यवस्थेतून दुसरे एक पातक निपजते. उचल जोडीला मिळते, म्हणून मुलगा कमावता व्हायचा तर त्याला बायको हवी. आईबाप फडात गेल्यावर वयात येऊ लागलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही चिंता तिच्या घरी असतेच. मग चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न उरकले जाते आणि एक नवा कोयता तयार होतो. बालविवाह करणाऱ्या अडाणी आईबापांवर आपण शहरांत बसून व्याख्याने देतो. त्यांना मुलींच्या लग्नाची घाई लावणारी मजुरीची रीत ज्यांच्या सोयीची आहे, त्यांच्यात आपणही मोडतो, हे त्या व्याख्यानांत येत नाही.

आता कंपन्यांकडे वळू. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सविस्तर वृत्तांत छापून दाखवले, की या साखरेचे धागे कोका-कोला आणि पेप्सिको यांच्या पुरवठ्यापर्यंत पोचतात. जगभर काही दिवस खळबळ झाली. पण खळबळीपेक्षा महत्त्वाची आहे ती जबाबदारी झटकण्याची साखळी. कंपनी म्हणते, आम्ही साखर विकत घेतो, मजूर ठेवत नाही. कारखाना म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो, तेव्हा तोडणारा आमचा कामगार नव्हे. शेतकरी म्हणतो, टोळी कारखान्याने पाठवली, मी तिला ओळखतही नाही. मुकादम म्हणतो, मीही कर्ज काढूनच उचल वाटली आहे. यातला प्रत्येक जण आपापल्या जागी थोडेफार खरे बोलतो, आणि त्या सगळ्यांच्या थोड्या खऱ्याची बेरीज होऊन एका बाईच्या आयुष्याचे वाटोळे होते. ही साखर कोठून आली हे कळणे अवघड आहे, ही कंपन्यांची सबब मात्र टिकत नाही. साखर एस-३० आहे की एम-३०, तिचा रंग किती युनिटांचा, ओलावा किती, हे खरेदीदार कंपन्या खेपेखेपेला तपासून घेतात. रंगात जरासा फरक पडला तर माल परत जातो. साखरेचा पांढरेपणा इतक्या बारकाईने जोखणाऱ्याला तिच्यामागचे श्रम कळत नाहीत, यावर विश्वास कसा ठेवावा? ते कळून घ्यावे असे त्याला अजून कोणी भाग पाडलेले नाही, एवढेच खरे.

आणि परवडण्याचे म्हणाल तर तोही हिशेब एकदा मांडू. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला साडेतीनशे रुपयांच्या पुढे गेला. एक टन उसापासून साधारण शंभर किलो साखर निघते. म्हणजे एक किलो साखरेमागे तोडणीची मजुरी साडेतीन रुपये. पाव लिटर गोड शीतपेयात पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. त्या बाटलीत तोडणाऱ्या जोडीचा वाटा नऊ पैशांचा. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या लहान पुड्यात तो चार-पाच पैसे भरतो. या मजुरीचा दर उद्या दुप्पट केला आणि त्याचा सगळा भार शेतकऱ्यावर न टाकता कंपनीने उचलला, तरी बाटलीमागे खर्च नऊ पैशांनी वाढेल. संडास, पाणी, पाळणाघर, दवाखाना यांसाठी आणखी काही पैसे धरा. त्या बाटलीवर छापलेल्या नटाच्या चेहऱ्यासाठी आणि तिच्या जाहिरातींसाठी पैसे मोजताना कोणी हात आखडत नाही. तेव्हा शाश्वत व्यवहाराने नफ्याचे काय होते, या विद्वानांच्या प्रश्नाला साखरेपुरते उत्तर असे आहे: नफा किंचित घटेल, किंवा किंमत न जाणवण्याइतकी वाढेल. एवढ्या अल्प रकमेसाठी आपण हजारो बायकांची शरीरे गहाण ठेवली आहेत. नाइलाज असता, तर निदान नाइलाजाचे समाधान तरी मिळाले असते. इथे तेही नाही. जे आपण अगदी सहज देऊ शकतो, तेच देत नाही आहोत.

हे आपल्याला दिसत का नाही? कारण न पाहण्याचे शिक्षण आपल्याला पिढ्यान्पिढ्या मिळाले आहे. काही माणसांचे श्रम हिशेबात धरायचे नसतात, ते त्यांच्या जन्माचे काम आहे, ही समजूत आपल्या गावगाड्याने मुरवली. महारांनी दिवसरात्र राबायचे आणि बदल्यात तुकडाभर वतन आणि भाकरी घ्यायची, ही वेठ १९५८ च्या कायद्याने वतने खालसा झाली तेव्हा कागदावर संपली. मनातून ती गेली नाही, तिने फक्त माणसे आणि जागा बदलल्या. याहून दुःखाची गोष्ट अशी, की ज्या चळवळीचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, तिच्याही डोळ्यांवर हीच झापड राहिली. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीत सहकारी साखर कारखाना उभा केला, तो शेतकऱ्याला सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवण्यासाठी. त्यातून शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे राहिले. पण ऊस पिकवणारा सभासद झाला आणि ऊस तोडणारा बाहेरच राहिला. उसाचे पैसे १४ दिवसांत शेतकऱ्याला मिळावेत असा नियम झाला, त्यासाठी आंदोलने झाली, आणि ती योग्यच होती. एकाला सावकाराच्या कर्जातून सोडवणाऱ्या संस्थेच्या आधाराने दुसऱ्याला उचलीच्या कर्जात जखडले गेले, आणि सहकार या शब्दाला त्यात काही विसंगत वाटले नाही. दरवर्षी पाडव्याला आपण गुढीला साखरेच्या गाठी बांधतो. नेमक्या त्याच सुमाराला हंगाम संपवून या टोळ्या गावी परतत असतात, आणि आपल्या मंगलाच्या कल्पनेत त्यांना जागा नसते.

तरीही हे बदलणार नाही असे समजण्याचे कारण नाही. याच महाराष्ट्रात हा वाद एकदा झालेला आहे. १८८१ चा कारखाना कायदा येत होता तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत लहान मुले दिवसभर राबत होती. मुलांचे तास कमी करा म्हटले तर धंदा बुडेल, हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा डाव आहे, असा गिरणीमालकांनी आक्रोश केला आणि आपल्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्यांची री ओढली. त्या गदारोळात नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. गिरण्या त्याने बुडाल्या नाहीत, पुढची कित्येक दशके वाढतच गेल्या. साखरेचा दाखला तर अधिक बोलका आहे. इंग्लंडमध्ये १७९१ नंतर हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या कष्टाची साखर घरात आणणे बंद केले. पुढे तिथे असे साखरेचे वाडगे विकले जाऊ लागले, की ज्यांवर ही साखर हिंदुस्थानची आहे, गुलामांनी केलेली नाही, असे लिहिलेले असे. ज्या देशाचे नाव एके काळी निर्दोष साखरेची ग्वाही म्हणून वाडग्यांवर छापले गेले, त्याच देशाच्या साखरेविषयी आज परक्यांच्या वृत्तपत्रांना असे लिहावे लागते, ही लाज आपली आहे. पण त्या गृहिणींनी सरकारची किंवा कंपन्यांची वाट पाहिली नव्हती, हेही या इतिहासातून शिकायचे आहे.

आपल्यापुढचे काम अवघड असले तरी गूढ नाही. मजुरी जोडीच्या नावावर न धरता स्त्रीच्या वाट्याची तिच्या स्वतःच्या खात्यात जमा झाली पाहिजे. तोडणी कामगारांचा मालक कोण, याचे उत्तर कायद्याने एकच आणि स्पष्ट दिले पाहिजे. ते उत्तर कारखाना हेच असू शकते, कारण टोळ्या त्याच्याच गाळपासाठी येतात. उचलीच्या जागी बँकेचे कर्ज आणि हंगामाआधीची हक्काची मदत आली पाहिजे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. त्याचा पैसा फडापर्यंत, कोपीपर्यंत पोचला का, हे दरवर्षी जाहीर झाले पाहिजे. ज्या कंपन्या ही साखर घेतात, त्यांनी आपल्या कारखान्यांची यादी उघड करावी, तिथल्या मुक्कामांवर पाणी, संडास, पाळणाघर आणि दवाखाना असल्याची खात्री करावी, आणि त्याचा खर्च खरेदीच्या दरात धरावा. तोडणीची यंत्रे येत आहेत, तेव्हा प्रश्न आपोआप सुटेल, असे कोणी म्हणतील. यंत्राने प्रश्न सुटत नाही. ज्यांना आधी शरीर झिजवून काम करावे लागले, त्यांचे कामच त्याने जाते. पुनर्वसनाचा विचार आजच झाला नाही, तर हा दुसरा अन्याय पहिल्याच्या पाठोपाठ येईल.

पण हे सारे कोणीतरी करावे असे आपण म्हणतो, तेव्हा आपण स्वतःला त्यातून वगळतो, आणि इथेच आपली खरी परीक्षा आहे. आपल्यातले हजारो जण सहकारी कारखान्यांचे सभासद आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण उसाचा दर, सभासदांची साखर आणि संचालकांचा खर्च यांवर तावातावाने बोलतो. आपल्यातले लाखो जण या कंपन्यांचे अल्पसे भागधारक आहेत आणि दर तिमाहीला नफ्याचा आकडा वाढलेला पाहून संतोष मानतात. आपल्यातले डॉक्टर आहेत, ज्यांच्या व्यवसायबंधूंनी ती ऑपरेशने केली. आपल्यातले लेखक-पत्रकार आहेत, ज्यांनी ही बातमी एकदा छापून कर्तव्य संपवले. हे लिहिणारा त्यांच्यातलाच आहे. तेव्हा येत्या हंगामाचे बॉयलर पेटण्यापूर्वी आपापल्या जागी उभे राहून विचारावे: आपल्या कारखान्याच्या टोळ्यांना यंदा पाणी, संडास आणि पाळणाघर आहे का? बाईची मजुरी तिच्या हाती पडते का? आजारपणाचा खाडा बंद झाला का? पहिल्या सभेत उत्तर मिळणार नाही, प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवले जाईल. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारावे, आणि शेजारच्याला सोबत घेऊन विचारावे. ज्या नफ्यातून या बायकांचे देणे वजा केलेले नाही, त्याला नफा म्हणण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही, आणि तो निमूटपणे वाटून घेण्याचा अधिकार आपल्यालाही नाही.